हार कोणाच्या फोटोला?

इतिहासात एम.ए. झालो, तेव्हा आमच्या खापरखेड्याच्या वसाहतीतल्या वाचनालयाने माझं व्याख्यान ठेवलं. घरातला मी पहिलाच पदवीधर. वीज केंद्रात राखेच्या कामावर असलेल्या बाबांची एकच इच्छा होती, पोराने एकदा माइकवर बोलावं. माझी इच्छा, लोकांनी ते ऐकावं. विषय मीच निवडला होता: दुसऱ्या महायुद्धात नाझींनी केलेला युरोपातल्या भटक्या रोमा लोकांचा संहार.

वाचनालयाच्या अध्यक्षकाकांना विषय चालणार होता. त्यांची अडचण वेगळीच निघाली.

"फोटो कोणाचा ठेवायचा गा?"

आमच्याकडे फोटोला हार घातल्याशिवाय क्रिकेटचं बक्षीससुद्धा वाटत नाहीत.

"काका, हा एका माणसाचा विषय नाही. लाखो लोक मारले."

"त्यांचा कोणी मुख्य असन ना?"

"ते काही एका पुढाऱ्याचे लोक नव्हते."

"मंग हार काय माइकले घालू? फोटो आण, नाहीतर कार्यक्रम राहू दे."

बाबा मला घेऊन सीताबर्डीला फ्रेमवाल्याकडे गेले. माझ्या मोबाइलमध्ये त्या काळातला एक जुना फोटो होता. घोडागाडीसमोर उभं एक रोमा कुटुंब: म्हाताऱ्या, बायका, पोरं, कडेला घोडा. खाली कोणाचंच नाव नाही.

फ्रेमवाल्याने सवयीने विचारलं, "यातले वारले कोण?"

"माहीत नाही," मी म्हणालो. "कदाचित सगळेच."

त्याने बाबांकडे पाहून आवाज खाली आणला. "तुमच्या घरचे काय, भाऊ?"

बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हजारेक वर्षांआधी इकडूनच गेले म्हणते हा."

"मंग असं करा, एकाचाच चेहरा मोठा करून देतो. हार बरा दिसते."

"बाकीच्यांले कुठं धाडू?" बाबा म्हणाले. "सगळेच ठेव. हार मोठा आणतो."

आणि आणला. लग्नात दोन्हीकडच्या व्याह्यांना एकदम पुरेल एवढा. अध्यक्षकाकांनी तो मोठ्या मानाने फोटोला घातला. झेंडूखाली अख्खं कुटुंब गेलं. बाहेर राहिला फक्त घोडा.

मागून कोणीतरी ओरडलं, "घोड्याची जयंती आहे काय बे?"

सभागृह हसून लोटपोट. मी तोंडपाठ केलेलं पहिलं वाक्य हरवलं.

"काका, हार काढा ना."

"घातलेला हार काढत नसतेत."

तेव्हा पहिल्या रांगेतून बाबा उठले. फोटोमागे जाऊन त्यांनी तो हार दोन्ही हातांनी वर उचलून धरला. खालून एकेक चेहरा निघाला. हसू थांबलं. मला वाक्य सापडलं.

या लोकांना केवळ रोमा म्हणून छावण्यांत कसं कोंडलं, विषारी वायूने कसं मारलं, आणि युद्ध संपल्यावरही त्यांचं दुःख मान्य करायला जगाने किती वेळ लावला, ते मी सांगत गेलो. मध्येच आई पहिल्या रांगेतून कुजबुजली; तिची कुजबुज शेवटच्या रांगेपर्यंत जाते.

"अहो, बसा ना आता. हात दुखतीन."

"मी बसलो का ते झाकून जातेत," बाबा म्हणाले.

थोड्या वेळाने अध्यक्षकाका उठले आणि हाराचं दुसरं टोक धरून उभे राहिले.

शेवटी टाळ्या वाजल्या. ज्यांच्या टाळीसाठी मी बोललो होतो, त्या बाबांना तेवढी वाजवता आली नाही; त्यांचे हात हारात होते.