पापडाच्या उन्हातला जाझ

मालगाडीच्या डब्यात केळीचे घड रचावेत ते जीवरामनंच, असं रावेरच्या लीलाधरशेठांची सगळी वखार म्हणायची. खाली वाळली पानं, मध्ये घड, वर पुन्हा पानं. दिल्लीत डबा उघडला तरी सालीवर डाग नाही. असा हा नाजूक हाताचा माणूस विलायती बाजाच्या नादी लागला, आणि तोही कसल्या, तर जाझच्या!

सुरुवात झाली अठ्ठेचाळीस साली. भुसावळचे अँग्लो-इंडियन गार्ड मॉरिससाहेब देश सोडून निघाले होते. केळीच्या डब्यांमुळे दोघांची ओळख. जाताना साहेबांनी चावीचा ग्रामोफोन आणि तीन तबकड्या जीवरामच्या स्वाधीन केल्या. ट्रम्पेटचा पहिला सूर कानावर पडला आणि आमचा गडी साहेबांच्या ओसरीवर मट्कन बसला. इंग्रजी त्याला ओ का ठो कळत नव्हतं, पण ट्रम्पेटला कुठली आली भाषा? मग रेल्वेतला जो जो साहेब बिऱ्हाड आवरी, त्याच्या दारात जीवराम हजर. सात वर्षांत तबकड्या झाल्या बारा.

पहिल्यांदा तो लोखंडी सुई लावून, दार सताड उघडं ठेवून वाजवी. गल्लीला कळायला नको? पण सुई तबकडीच्या रेघा खरवडते हे लक्षात आलं आणि त्यानं बाभळीचा काटा तासून बसवला. आवाज निम्मा झाला. गल्ली हसली. जीवराम मात्र हरखून गेला, कारण ट्रम्पेटच्या मागे इतके दिवस दबलेला क्लॅरिनेट आता स्वच्छ ऐकू येत होता. मग त्यानं ठरवूनच टाकलं: काटाच लावायचा, दिवेलागणीला रोज एकच बाजू ऐकायची. त्याची बायको धुरपदाबाई नेमकी त्याच वेळी घागर उचलायची.

“त्या रेडकाच्या ओरडन्यापेक्षा इहिरीवरची भांडनं बरी,” ती म्हणायची.

पंचावन्नचा उन्हाळा मोठा कडक निघाला. घरावर पत्रे, आणि तबकड्या लाखेच्या. त्या मऊ पडतील म्हणून जीवरामनं त्या वखारीतल्या केळी पिकवायच्या खोलीत नेल्या. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, गावातली सगळ्यात गार जागा. कोपऱ्यात वाळल्या पानांत बाराही तबकड्या उभ्या करून ठेवल्या. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला धुरपदाबाई माहेरी यावलला गेली होती, तिला आणायला तोही गेला. जाताना लीलाधरशेठांना सांगायचं तेवढं राहिलं. शेठनी खोलीत केळी भरली, दार लिंपलं आणि ती पिकायला आत गोवऱ्यांची धुरी लावली.

जीवराम परतला तर खोली तापलेली, केळी पिवळीधमक आणि तबकड्यांच्या कडा द्रोणासारख्या वळलेल्या. ज्यानं उभ्या आयुष्यात एक घड डागाळू दिला नाही, त्यानं आपल्या जिवाच्या तबकड्या केळ्यांबरोबर धुरीत घातल्या होत्या! साहेब कधीच गेले, अशा तबकड्या आता आणायच्या कुठून? त्यानं एक घरी नेली, फरशीवर ठेवली आणि वर पाटा दाबला. काडकन आवाज झाला. बाराच्या अकरा झाल्या. जीवराम भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडला.

धुरपदाबाईनं तुकडे गोळा केले, बोटांनी चाचपले.

“कडक झाल्यावर दाबसान त मोडनच ना! पापड कधी पाह्यला नही का तुम्ही?”

“पापडाचं काय घेऊन बसली?”

“पापड वायत घातला का वाकडा होते. नरम हाये तवाच दाबा लागते. याईलेबी आधी ऊन दाखवा.”

लीलाधरशेठ आधीच ओशाळले होते. त्यांनी पेढीवरच्या कपाटाच्या दोन्ही काचा मुकाट्यानं काढून दिल्या. दुसऱ्या दिवशी दहाच्या उन्हात धुरपदाबाईनं एक तबकडी दोन काचांच्या मध्ये अंगणात ठेवली आणि शेजारी बसून राहिली. जीवराम घिरट्या घालत होता.

“काढू का?”

“नका. आजून नही.”

काच हाताला पुरेशी चटकल्यावर तिनं सगळं तसंच अलगद उचलून ओसरीच्या सावलीत आणलं आणि वर पाटा ठेवला. दुपार टळेपर्यंत तिनं जीवरामला जवळसुद्धा फिरकू दिलं नाही.

संध्याकाळी पाटा निघाला. तबकडी सपाट! जीवरामनं नवा काटा तासला, चावी दिली, डोळे मिटले. काटा एका उंचवट्यावर जरासा हलला, सावरला, आणि ट्रम्पेट सुटलं ते थेट शेवटच्या रेघेपर्यंत. जीवरामनं अशी आरोळी ठोकली की वखारीतून शेठ धावत आले.

अकरा दिवसांत अकरा तबकड्या सरळ झाल्या. बाराव्या दिवशी जीवराम कामावर गेलाच नाही. सकाळपासून त्यानं ओळीनं बावीसच्या बावीस बाजू लावल्या, आणि समोर पोळपाट मांडून धुरपदाबाईनं त्या ऐकल्या. एकही अडखळली नाही. शेवटची उतरवून तो ग्रामोफोनपुढेच मांडी ठोकून बसला.

“आता बसले काय?” पीठ झटकत ती म्हणाली. “उद्या भुसावयले जा. आजून कोनी साहेब जात असतीन त पाहा. वाकड्या असल्या तरी घेऊन या.”