हात मिळेपर्यंत
जत्रेच्या कुस्त्यांसाठी लाल मातीत हळद, तेल, ताक कालवायला घेतलं की त्या वासानं मला केंदूरच्या तालमीतली ती दुपार आठवते. आमच्या तालमीतली पोर परदेशात मॅटवर लढत होती आणि आम्ही टीव्हीपुढं श्वास रोखून बसलो होतो. शेवटच्या क्षणी दोघी झोंबत रेषेबाहेर गेल्या. समोरचीचा पाय आधी बाहेर पडलेला आम्हाला स्वच्छ दिसला, म्हणजे गुण आमच्या पोरीचा, पण पंचांनी तो तिलाच दिला. चित्रण पुन्हा पाहूनही निकाल तोच, आमची पोर हरली. "मातीत कुठं रेषा असती? ह्याला कुस्ती म्हणत्यात व्हय?" कुणीतरी ओरडलं. "गप! एक शब्द न्हाई," वस्ताद गरजले. समोरचीनं हात पुढं केला होता आणि आमची पोर हात मागं बांधून तशीच उभी. वस्ताद टीव्हीला जाऊन भिडले. "हात दे, पोरी. हात दे." ती हलेना. मग तिनं हात दिला. वस्ताद आमच्याकडं वळले, डोळे लालबुंद. "आता बोला रं! त्या दुसरीचाच पाय आधी गेल्ता!" आणि पंचाला पहिली शिवी त्यांनीच हासडली. आता जत्रेत मीच पंच असतो. निकाल दिला की दोघांचे हात मिळेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. मग लोकांच्या शिव्या मी निवांत ऐकतो.