छत्तीसपैकी नऊ

बसा, चहा टाकतो. आमच्या घरात दुपारचा चहा मीच करतो, तीस वर्षं होत आली. लोकांना वाटतं, माणूस हौशी आहे. हौस कसली डोंबलाची? एका गाढवपणाची शिक्षा भोगतोय मी. आणि तो गाढवपणाही कसा, तर भर दुपारी, पाहुणे समोर बसलेले असताना, स्वतःच्या तोंडानं केलेला. आधण येईपर्यंत सांगतो.

ब्याण्णव-त्र्याण्णव साल धरा. काटेवाडीला आमचा ऊस, चार म्हशी, आणि बी.कॉम. होऊन त्या म्हशींच्या मागं फिरणारा मी. वय सव्वीस. लग्न जमत नव्हतं. शेती होती, तब्येत बरी होती, नाकीडोळी वाईट नव्हतो. नव्हती ती जन्मवेळ. आईला विचारलं की ती म्हणायची, "म्हशी रानातनं आल्या नव्हत्या, पर यायच्या बेतात हुत्या बग." आता ह्यावर कुठला गुरुजी पत्रिका मांडणार? पत्रिका नाही म्हणून चार स्थळं गेली.

पाचवं आलं भवानीनगरचं. आणलं माझ्या मामांनी. मामांचं भिगवणला हायवेवर हॉटेल, मासे फार छान मिळायचे तिथं. गिऱ्हाईक नसलं की मामा बसल्या जागेवर लग्नं जुळवायचे. मुलगी वैशाली. तिचे वडील, तात्या, साखर कारखान्यात वजनकाट्यावर. उसाची गाडी काट्यावर उभी राहिली की समोर आकडा पेटतो, तो आकडा बघण्यात त्यांची निम्मी हयात गेलेली.

मुलगी बघायला गेलो. नाव काय, शिक्षण काय, स्वयंपाक येतो का, सगळं विचारून झालं. तर ती म्हणाली, "आता मी एक विचारू का? तुम्ही दिवसभर काय करता?" मी एवढा गडबडलो की नुसतं "म्हशी" म्हणालो. ती हसली. संपलं. त्या हसण्यावर मी मनातल्या मनात मांडव घालून मोकळा झालो.

पण निघताना तात्या म्हणाले, "पोरगं चांगलं हाय. पर पत्रिका बघायची. छत्तीसपैकी अठरा गुण तरी जुळाय पायजेत. त्याच्या खाली आमी करत न्हाय."

झालं. घरी आलो, आणि दुःख विसरायला कंप्युटर लावून बसलो.

कंप्युटर म्हणजे आताच्यासारखा नव्हे. पुण्याच्या आतेभावानं नवा घेतला आणि जुना मला दिला. नुसता कीबोर्ड, वहीएवढा. त्याची एक वायर टीव्हीला आणि दुसरी टेपरेकॉर्डरला. गेम असायचा कॅसेटमध्ये. प्ले दाबलं की पाच-सहा मिनिटं नुसतं 'कुईईई खर्रर्र', आणि टीव्हीवर काळ्यापांढऱ्या पट्ट्या पळायच्या. मधेच कुणी मिक्सर लावला किंवा विहिरीवरची मोटर चालू झाली की सगळं पहिल्यापासून. आमच्या आबांचं, म्हणजे वडिलांचं मत होतं की हे टीव्ही बिघडवायचं यंत्र आहे.

आणि गेम? आताची पोरं गेम खेळतात, हरली तरी गेम त्यांना शाबासकी देतो. आमचा गेम अपमान करायचा. एक टोपीवाला माणूस भुयारात शिरतो. भुयारात दिवे ठेवलेले. एक दिवा उचलला की एक गुण. माणसाला जीव तीन. पायाच्या अंगठ्याला खडा लागला तरी मेला. वटवाघूळ लांबून गेलं तरी मेला. तिन्ही जीव गेले की परत पहिल्या दिव्यापासून. अठराव्या दिव्याच्या अलीकडं एक सरकती फळी होती. आठ महिने मी त्या फळीवरून पडत होतो. आठ महिन्यांत माझे जास्तीत जास्त गुण सतरा. धार काढतानासुद्धा माझा अंगठा उडीचं बटण दाबायचा. एका म्हशीनं तर त्या पायी मला जवळ येऊ देणं बंद केलं.

तर मी असा फळीवरून पडत बसलेलो आणि मागून मामा आले.

"संप्या, हे काय करतुयास?"

"गुण मिळवतोय," मी म्हणालो. टीव्हीवरची नजर काढली नाही, कारण वटवाघूळ आलं होतं.

"किती मिळालं?"

"सतरा. अठरा काय हुईना बगा मामा."

मामा खुर्ची ओढून बसले. "ह्याला जन्मवेळ लागती का रं?"

माझं लक्ष कुठं होतं? मला ऐकू आलं, वेळ लागती का. मी म्हणालो, "छ्या, कंप्युटरला कसली वेळ लागतीय?"

इतक्यात माणूस मेला आणि पहिली पाटी आली. एकट्यानं खेळणार का दोघांनी, असं विचारणारी. मामांनी त्याचाही अर्थ विचारला.

"एकटा का दोघं, ते इचारतंय," मी म्हणालो. "दोघं असलं तर आधी एकाची पाळी, मग त्यो मेला तिथनं फुडं दुसऱ्याची. दोघांचं गुण मिळून एकच आकडा येतो. पर माझ्यासंगं बसणार कोण?"

"ते मी बगतो," मामा म्हणाले आणि चहा न घेता गेले. मामा चहा न घेता गेले ह्याचंच मला नवल वाटायला हवं होतं.

पुढच्या रविवारी दुपारी मामा घाईघाईनं आले. "पँट बदल. तात्या येत्यात, पोरीला घेऊन. तुज्या कंप्युटरवर पत्रिका बगायची."

मी म्हणालो, "मामा, त्यो गेम हाय."

"मग?"

"मग म्हंजी? त्यात पत्रिका न्हाय."

"तूच म्हणालास गुण मिळवतो. तूच म्हणालास जन्मवेळ लागत न्हाय. दोघं समोर लागत्यात हे बी तूच म्हणालास." मामा खाली बसले. त्यांचा चेहरा पार उतरला. मग एकदम म्हणाले, "संप्या, पोरगी पसंत हाय का न्हाय?"

"हाय."

"मग अठरा काढ. मी शब्द दिलाय त्यांना."

त्या काळी बारामतीच्या बाजारात कंप्युटरवर पत्रिका काढून द्यायचे, हे खरं. त्यामुळं तात्यांना ते खरं वाटलं ह्यात नवल नाही. मी तिथंच "नाही" म्हणायला हवं होतं. पण तिचं ते हसणं आठवलं आणि मी गप्प बसलो. हा छोटा गाढवपणा. मोठा अजून यायचाय.

तात्या आले, वैशालीच्या आई, म्हणजे काकू आल्या, वैशाली आली. पोहे झाले. सगळे टीव्हीसमोर बसले. मी कॅसेट लावली. रोज दुपारी न चुकता जाणारी लाईट त्या दिवशी काही गेली नाही. पट्ट्या पळायला लागल्या, कुईईई सुरू झालं.

"ह्यो आवाज कसला?" तात्यांनी विचारलं.

"ग्रह फिरत्यात," मामा म्हणाले.

तात्यांनी मामांकडं एकदा बघितलं आणि परत टीव्हीकडं बघितलं. आबा उठून ओसरीवर जाऊन बसले.

गेम आला. मी 'दोघं' दाबलं. कोपऱ्यात शून्य आलं. मामांनी हात पुढं करून सांगितलं, "ह्यो आकडा म्हंजी गुण. ह्यो टोपीवाला म्हंजी... नवऱ्या मुलाचा ग्रह."

नवऱ्या मुलाचा ग्रह चौथ्या दिव्याला खड्ड्यात पडला.

कीबोर्डवरची बटणं दिसत नव्हती. मी आयुष्यभर दोन बोटांनी खेळलेला, दर वेळी खाली बघायचं, बटण शोधायचं, मग वर बघायचं. तोवर वर माणूस मेलेला असायचा. दुसरा जीव सातव्या दिव्याला गेला. तिसरा नवव्याला. सतरा राहिले बाजूला, नऊ. अख्ख्या लग्नाचे नऊ.

काकू पदराचं टोक गुंडाळत बसल्या. पाचवं स्थळ चाललं होतं, आणि ह्या वेळी पत्रिकेनं नाही, मी स्वतः घालवलं होतं. मला खरंच रडू यायचं बाकी होतं.

"आता मुलीची बाजू," मामा म्हणाले. त्यांचाही आवाज बसला होता.

वैशाली उठून माझ्या शेजारी कीबोर्डसमोर बसली. हळूच म्हणाली, "कुठलं बटण कशाला?"

"क्यू वर, ए खाली, ओ डावीकडं, पी उजवीकडं. लांबट बटण उडीला."

तिनं दहाही बोटं कीबोर्डवर ठेवली. तात्या म्हणाले, "टायपिंग झालंय तिचं बारामतीला. इंग्लिश, मिनिटाला चाळीस शब्द."

आणि मंडळी, ती खाली बघेचना. नजर टीव्हीवर, आणि ह्या चारही बटणांना करंगळी नाहीतर तिच्या शेजारचं बोट. टोपीवाला चालायला लागला तो थांबेना. दहा. बारा. पंधरा. वटवाघूळ आलं, ती खाली वाकली. मी ज्या खड्ड्यांत महिनेच्या महिने काढले ते खड्डे ती सहज ओलांडत होती. सतरा. फळी आली. ती क्षणभर थांबली, फळी सरकू दिली, आणि उडी मारली. अठरा.

मामांनी डोळे मिटून हात जोडले. काकूंनी पदर सोडला. लग्न जमलं होतं. इथंच मी उठून टीव्हीची पिन काढायला हवी होती.

पण फळीच्या पलीकडं काय आहे ते मी आठ महिन्यांत बघितलं नव्हतं हो! पलीकडं अख्खं नवीन भुयार. पाणी, पायऱ्या, नुसते दिवेच दिवे. मी लग्न विसरलो, तात्या विसरलो. मी पुढं सरकून "आता वर, आता उडी" असं पुटपुटायला लागलो. चोवीस. एकोणतीस. मामा मागून माझा सदरा ओढत होते, मी त्यांचा हात झटकला. मामांना नवीनच धसका बसला होता. अठराच्या खाली गेलं तर पंचाईत, हे खरं. पण गुणच छत्तीस असतात, आणि हे यंत्र काही छत्तीसला थांबणारं नव्हतं. बत्तीस. तेहतीस. चौतीस.

चौतीसाला समोर एक छोटासा खड्डा होता. म्हशीचं रेडकूसुद्धा ओलांडेल असा. वैशाली त्याच्यापर्यंत गेली आणि सरळ त्यात उतरली.

आणि इथं मी ओरडलो.

"अहो, हे काय केलंत? एवढी सोपी उडी! असू दे, असू दे, अजून दोन जीव हायत. घाबरू नका, आज पन्नास करू."

असं म्हणालो मी. सासऱ्यासमोर.

पन्नास हा शब्द त्या खोलीत कितीतरी वेळ राहिला. वैशालीनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. शांतपणे राहिलेले दोन्ही जीव तिनं त्याच खड्ड्यात घातले. आकडा चौतीसावर थांबला.

"पन्नास," तात्या म्हणाले. "छत्तीसपैकी."

मामा म्हणाले, "त्याचं काय हाय तात्या, ह्यो नवीन..."

"ऱ्हाऊ द्या." तात्यांनी हात वर केला. मग मला म्हणाले, "पाव्हणं, खरं सांगा. काय हाय हे?"

"गेम हाय," मी म्हणालो. "लहान पोरांचा. माझ्या जन्मवेळेचं म्हशींपलीकडं कुणालाच कायबी म्हाईत न्हाय. मला वैशाली पसंत हाय, म्हणून गप बसलो. चुकलं माझं."

तात्यांनी टीव्हीवरच्या चौतीसाकडं बघितलं. मग म्हणाले, "काट्यावर बसतो मी. गाडी नुसती डुलली तरी मला कळतं, वजन वाढवाय कुणी काट्यावर पाय दिलाय. ग्रह फिरत्यात म्हणला, तवाच कळलं. उठणारच हुतो. पर पोरगी उठून बसली, म्हणून थांबलो." ते वैशालीकडं वळले. "आकडा वाढत हुता. तू का थांबीवलास?"

ती मान खाली घालून म्हणाली, "छत्तीसच्या वर गेला असता तर तुम्ही नाही म्हणाला असता."

काकू हसायला लागल्या. बाहेर ओसरीवरून आबांचा आवाज आला, "मग आता टीव्हीवर बातम्या लावा की."

तात्या म्हणाले, "पोरीनं स्वतःच्या हातानं जमीवलंय. आता गुरुजीला काय इचारायचं?" आणि मामांनी तिथल्या तिथं साखर मागवली. सगळ्यांचं तोंड गोड झालं, आणि मला वाटलं, सुटलो.

तेवढ्यात तात्यांनी विचारलं, "त्या चौतीसात तुमचं किती हुतं?"

"नऊ," मी म्हणालो.

"म्हंजी पोरीचं पंचवीस." त्यांनी वैशालीकडं बघितलं. "ध्यानात ठेव गं."

तिनं ठेवलंय. तीस वर्षांत आमचं घरात एकही मोठं भांडण झालेलं नाही. मी आवाज चढवायला लागलो की ती काही बोलत नाही. हातातलं काम न सोडता फक्त "नऊ" म्हणते.

मघाशी तुम्ही दारात होतात, तेव्हाही तेच म्हणाली ती आतून. मी उठून चहा टाकला. साखर किती घेता?