तेलातलं पाणी

तिसाव्या सालाच्या आतबाहेर आमची पलटण वझिरीस्तानात होती. मुक्काम एका दगडी पोस्टात. भोवती काटेरी तार, खाली ओढा आणि चहूकडे उघडेबोडके डोंगर. मी पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या डोंगरवाडीतला, त्यामुळे डोंगराचं मला कौतुक नव्हतं. पण आमच्या डोंगरात फार तर वाघ आडवा येतो. तिथं दगडाआडून रायफल यायची, आणि तिथल्या माणसाचा नेम चुकत नसे.

माझा हुद्दा लान्सनायक. प्लाटूनच्या लुईस गनचा, म्हणजे हलक्या मशीनगनचा, मी नंबर एक, गन चालवणारा. नंबर दोन माझ्याशेजारी पालथा पडून गोळ्यांच्या गोल थाळ्या चढवायचा. तो धाकू, महाडजवळच्या सवचा. सवला गरम पाण्याचे झरे आहेत, म्हणून मी त्याला 'उकडलेला' म्हणायचो. तो मला 'माकड' म्हणायचा. दोन वर्षं एका तंबूत झोपलो, पण सरळ नावानं एकमेकांना हाक मारल्याचं आठवत नाही.

लुईस गन हे हत्यार भारी, पण सोवळ्यातलं. धूळ चालत नाही, पाणी तर मुळीच नाही. हत्यारं दुरुस्त करणारा आमचा आर्मरर पंजाबी मिस्त्री होता, पांढऱ्या दाढीचा. दर आठवड्याला त्याचा एकच पाठ असे. तेलाचा डबा उघडा टाकू नका, दव पडतं. बंद डब्यालासुद्धा थंडीत आतून घाम फुटतो आणि ते पाणी तळाला बसतं, म्हणून तळचं तेल गनला लावू नका. थंडीनं तेल घट्ट झालं तर डबा सुक्या गरम वाळूत ठेवा, पाण्यात नको. आणि गनला लावण्याआधी एक थेंब तापल्या लोखंडावर टाका. गप्प राहिला तर तेल चांगलं. तडतडला तर पाणी आहे, फेकून द्या.

यात नवं काही नव्हतं. फोडणीत ओली मिरची पडली की कढई अंगावर येते, हे आमच्या आयांना मिस्त्रीच्या आधीपासून ठाऊक होतं. तपासायचं काम नंबर एकचं. माझं.

जानेवारीत एका दुपारी हुकूम आला. उद्या रोड ओपन, कॉन्व्हॉय म्हणजे रसदीच्या गाड्यांचा तांडा येणार. रस्त्यावरच्या डोंगरमाथ्यांवर सकाळीच आपले लोक बसवायचे असत, त्याला पिकेट म्हणत. चार नंबरची टेकडी आमच्या प्लाटूनकडे आली.

साडेचारला आम्ही गन खोलली. तेल काकवीसारखं झालं होतं. धाकूनं चहाचं डेगचं उकळत ठेवलं, तेलाच्या डब्याचं झाकण दोन आटे ढिलं केलं आणि डबा पाण्यात उभा केला.

"अरे, मिस्त्रीनं पाण्यात नको म्हटलंय," मी म्हणालो.

"वाळू तापेस्तोवर रात व्हईल. आमच्याकडं थंडीत खोबरेल गोठलं का आय बाटली देऊन कुंडावर धाडायची. बूच ढिलं करायचं, बाटली पाण्यात धरायची. झालं पातळ."

"झाकण तरी घट्ट कर."

"म्हंजे डबा फुगंल. आन् फुटला तर माकडा, झाकन म्हून तुजं डोकं लावशील काय?"

मी हसलो. डब्याभोवती वाफ येत होती, पाणी उकळून झाकणापर्यंत उडत होतं, आणि मी ते बघत उभा होतो. केसांच्या तेलात चार थेंब पाणी गेलं तर कुणाला कळतं? सवमध्ये कधी कळलं नव्हतं. तेल छान पातळ झालं. डबा तळापासून हलवून आम्ही तेच गनला लावलं.

थेंब टाकायला तापलं लोखंड मिस्त्रीच्या भट्टीवर मिळायचं, आणि ती दोनशे पावलांवर होती. वारा तोंड सोलत होता. जेवणाचा बिगुल झाला. मी भट्टीकडं गेलो नाही.

सहाला हवालदार आले. "तेल तपासलं?"

"तपासलं, हवालदार."

हे खोटं होतं. आजवर बोललेल्या खोट्या गोष्टींची मोजदाद मी ठेवलेली नाही, पण ही एक रोज आठवते.

सकाळी पावणेसहाला तंबूत, शेगडीजवळ, मी गनचं हँडल ओढून पाहिलं. सरळ मागं आलं. सहाला निघालो. बाहेर ओढ्याचं पाणी काठानं गोठलं होतं. सात दहाला चार नंबरच्या पायथ्याशी पोचलो. जमादारसाहेबांनी मोठ्या खडकाजवळ जागा दाखवली.

"लुईस गन इथं. सेक्शन वर जाईल. माथ्यावर हालचाल दिसली की फायर."

हवालदार नऊ जण घेऊन चढू लागले. उतार मोकळा, आडोशाला झुडूपही नाही. माथ्यावर दगडांचा ढीग होता. सात पंचविसाला ते निम्म्यात असताना त्या ढिगातून एकदम दहा-बारा रायफली उडाल्या. हवालदारांचा खालचा जबडाच गेला. ते गुडघ्यावर बसले, हातानं तोंड चाचपलं आणि पुढं कोसळले. मागचे दोघं जागीच पडले. बाकीचे उघड्यावर जमिनीला चिकटले.

"लुईस गन, फायर!"

मी हँडल ओढलं. बोटभर मागं आलं आणि अडकलं. दोन्ही हातांनी ओढलं. बुटाच्या टाचेनं मारलं. नाही.

"फायर! काय झालं?"

"जाम आहे, साहेब!"

धाकूनं हँडलच्या खाचेत नख घातलं. नखाला पांढरट लगदा आला, थिजलेल्या चरबीसारखा, आणि त्यात बर्फाची कणी. त्यानं ती जिभेला लावली.

"पाणी," तो म्हणाला. "माझ्यामुळं झालं रे."

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. मी पाना शोधत होतो.

वरून लांब सुरे घेऊन तिघं उतरताना दिसले. पडलेल्या त्या दोघांतला एक जखमी होता, हात उंचावून ओरडत होता. पहिल्यानं त्याचे केस धरले आणि गळा चिरला. अगदी सावकाश, बकरं कापावं तसा. धाकूनं माझ्याकडं पाहिलं. रायफल उचलली, संगीन चढवली.

"तू हिला तापव. मी त्यांना थांबवतो."

"धाकू, थांब! हुकूम नाही!"

आयुष्यात एकदाच त्याला नावानं हाक मारली, आणि त्यानं ऐकली नाही.

मी गन खोलली. पिस्टन काढला, शर्टात घालून काखेत दाबला. लोखंड इतकं थंड होतं की कातडी चिकटली. समोर दीडशे यार्डांवर धाकू चढताना दिसत होता. आजूबाजूला गोळ्यांनी माती उडत होती. पहिल्या सुरेवाल्याच्या पोटात त्यानं संगीन घातली ती निघेना. पाय देऊन ओढत होता, तोवर दुसऱ्यानं बाजूनं मानेवर वार केला. धाकूनं रायफल सोडली, त्याची दाढी धरली, आणि दोघं एकमेकांना चावत, ओरबाडत उतारावरून खाली गडगडले. तिसरा त्यांच्यामागं धावला.

मी पिस्टन कोरड्या चिंधीनं पुसला. तेलाचा थेंब लावला नाही. सुकाच बसवला. हँडल मागं आलं.

सात एकतीस. सगळी मिळून सहा मिनिटं गेली होती.

मी पहिली थाळी तिसऱ्यावर आणि मग माथ्यावरच्या ढिगावर रिकामी केली. सत्तेचाळीस गोळ्या. दुसरी थाळी मलाच चढवावी लागली. तिसरा सुरेवाला छातीवर हात दाबून बसला, काहीतरी बोलला आणि कलंडला. पांढऱ्या दाढीचा होता, आमच्या मिस्त्रीच्याच वयाचा. सुकी गन तिसऱ्या थाळीला तापून बंद पडली, पण तोवर माथा गप्प झाला होता. खालून हेलिओवर, म्हणजे आरशाच्या चमकेनं, निरोप गेला: पिकेट वर, चार ठार. चौथा धाकू धरला होता.

धाकू अजून जिवंत होता. त्याच्या अंगावरचा माणूस मेलेला होता, धाकूचे दात त्याच्या कानाला लागलेले. मी ते प्रेत बाजूला ओढलं, धाकूचं डोकं मांडीवर घेतलं. धाकूच्या मानेतून रक्त ठेक्यात येत होतं. मी मूठ दाबली, मुठीभोवतीनं येत राहिलं.

"चालली काय?" त्यानं विचारलं.

"चालली."

"पाणी व्हतं रे. माझ्यामुळं..."

"गप पड. बोलू नको."

एवढंच मी बोललो. तेल मी तपासलं नव्हतं, हे सांगायला चार शब्द लागले असते. वेळही होता. सात चाळिसाला तो गेला.

त्याच संध्याकाळी चौकशी झाली. मिस्त्रीनं डबा मागवला आणि सगळ्यांसमोर तापल्या लोखंडावर थेंब टाकला. तडतड असा आवाज झाला. मिस्त्री माझ्याकडं बघत राहिला.

सुभेदारसाहेबांनी विचारलं, "पाण्यात कुणी ठेवलं?"

"धाकूनं, साहेब."

"तपासलं होतं?"

"होय, साहेब. तेव्हा ठीक होतं."

कागदावर धाकूची चूक लागली. मेलेला माणूस तक्रार करत नाही. मी जेवलो, झोपलोसुद्धा. माझी मला किळस आली, पण ती पचवून पुढं चार महिने परेड केली.

मेमध्ये रजा मिळाली. महाडला उतरलो. घरी वर जायचं सोडून आधी नदीकाठानं सवला गेलो. धाकूची आई अंगणात आमसुलं वाळत घालत होती. मला बसायला घोंगडी टाकली, पाणी दिलं. मग समोर बसली.

"आमाला कागद आला. त्याच्याच चुकीनं बंदूक आडली, आसं मास्तरांनी वाचलं. खरं हाय काय?"

मी डब्याची गोष्ट सांगितली. डेगचं, ढिलं झाकण, सगळं. तिथंच थांबलो. माझा भाग आलाच नव्हता.

ती हाताकडं बघत बसली. मग म्हणाली, "बूच ढिलं करायला मीच शिकवलं व्हतं. ल्हान व्हता तवा. बाटली फुटंल म्हून. म्हंजे म्या मारला त्याला."

चार महिने पचलेलं सगळं त्या क्षणी वर आलं.

"नाय, काकी. तेल तपासायचं काम माझं होतं. मी तपासलं नाय. तपासलं म्हणून खोटं सांगितलं. एक थेंब टाकला असता तर कळलं असतं. मग साहेबांसमोर त्याचं नाव पुढं केलं."

तिला समजायला वेळ लागला. दोनदा सांगावं लागलं.

"त्याला ठावं व्हतं काय हे?"

"नाय."

"मरताना तू जवळ व्हतास ना?"

"होतो."

"तरी सांगितलं नाय?"

"नाय, काकी."

तिनं उठून मला मारलं. थोबाडीत, उघड्या हातानं. मग दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा, हात दुखेपर्यंत. मी हात वर केला नाही. आवाज ऐकून शेजारची बाई कुंपणाशी आली नि उभी राहिली. वझिरीस्तानात माझ्या डोळ्याला पाणी आलं नव्हतं, तिथं आलं, आणि मी लहान पोरासारखा मोठ्यानं रडलो.

दमल्यावर ती खाली बसली. "माझं पोर माझ्यामुळंच सगळं झालं आसं म्हनत गेलं," ती म्हणाली. "येकट्यानं वाहून न्हेलंन."

रजा संपवून परत गेलो आणि सुभेदारसाहेबांसमोर खरं बोललो. माझी लान्सनायकाची फीत गेली, अठ्ठावीस दिवसांची कैद झाली. धाकूचा कागद मात्र बदलला नाही. वरती गेलेला कागद परत येत नाही, असं साहेब म्हणाले.

त्या सकाळी चार नंबरच्या टेकडीवर आमचे हवालदार पडले, दोन शिपाई पडले आणि धाकू पडला. चौघांनाही ओढ्याकाठी एकाच दिवशी अग्नी दिला. मी जिवंत आहे, महाडात मोटारी दुरुस्त करतो. सवचा कुणी भेटला आणि धाकूचा विषय निघाला, तर कागदावर काय लिहिलंय ते त्यांना ठाऊकच असतं. मी त्यांना बसवून घेतो आणि उरलेलं सांगतो. ते सगळं ऐकून घेतात. ज्याला सांगायला हवं होतं, तो सात चाळिसाला माझ्या मांडीवर गेला, स्वतःलाच दोष देत.