हवालदारांचा पंच

आमचे हवालदार संशयिताला दरडावत नसत. समोर बसवून विचारत, "काय रे, त्या दिवशी जेवलास काय?" रत्नागिरीचा माणूस वार विसरेल, ताटातला मासा विसरणार नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. साहेबलोक हसत, पण पुढचा तपास बहुतेक वेळा त्या ताटावरूनच निघायचा.

आमची बिऱ्हाडं शेजारी होती. मी महसूल कचेरीतला कारकून. खून झालेल्या जागी हवालदार घोटभर पाणीही घेत नसत. "आपण तिथे पाहुणे नव्हे," म्हणायचे. उन्हातून वणवण करून आले की आमच्या ओट्यावर तांब्याभर पाणी एका दमात संपवत.

पावसजवळच्या आंब्याच्या बागेत नेपाळी राखणदाराचा खून झाला, तोही तपास त्यांच्याचकडे आला. बागमालकाच्या पुतण्यावर संशय होता. चोरून आंबे विकताना राखणदाराने त्याला पकडलं होतं. पुतण्या म्हणाला, मी संगमेश्वरला आत्येकडे सुरमई जेवत होतो. हवालदार संगमेश्वरला जाऊन आत्येला भेटले. ती म्हणाली, त्या दिवशी संकष्टी, माझ्या चुलीवर मासा कसा येईल? मग पुतण्या नरमला आणि कोयता टाकलेली विहीर दाखवायला तयार झाला.

कोयता काढताना दोन पंच हवेत म्हणून हवालदारांनी मला आणि गावातल्या एका वयस्कर गृहस्थांना नेलं. विहीर बागेच्या पार खालच्या टोकाला, मे महिन्याचं ऊन, तापलेला कातळ. "भाऊ, चला हो खालपर्यंत," ते म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, आलोच. आणि कलमाच्या सावलीत बसून राहिलो. तासाभराने ते चिखलाने माखून वर आले. कागद पुढे करताना त्यांनी विचारलं, "नीट बघितलात ना?" मी हो म्हटलं आणि सही ठोकली. माझ्यावर विश्वास होता, म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

खटला उभा राहीपर्यंत दुसरे पंच वारले होते. सगळी भिस्त माझ्यावर आली. आरोपीच्या वकिलाने विचारलं, तुम्ही कुठे उभे होता? मी म्हटलं, विहिरीच्या कठड्याला टेकून. कठडा कसला? चिऱ्याचा, मी बेधडक सांगितलं. आमच्याकडे विहीर म्हटली की कठडा चिऱ्याचाच. वकिलाने शांतपणे फोटो पुढे केला. ती विहीर कातळात खणलेली, तोंड जमिनीच्या पातळीलाच होतं. कठडा नव्हताच.

पुतण्या सुटला.

बाहेर राखणदाराचा भाऊ उभा होता. दोन दिवस प्रवास करून आलेला, मराठी न कळणारा. त्याने हवालदारांना विचारलं, काय झालं? मी दोन हातांवर होतो. आता ते माझ्याकडे बोट दाखवतील म्हणून मान खाली घातली.

"तपास मेरा था," हवालदार म्हणाले, "मैं ही कम पडा."

 निघताना राखणदाराचा भाऊ माझ्याजवळ आला आणि साक्षीला आलो म्हणून मला हात जोडले. हवालदार बघत होते. मला तेव्हाही खरं सांगता आलं असतं. मी त्याला उलट नमस्कार केला.