बॅटरी काढल्यावर आलेला आवाज

लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. मी इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आमच्या घरातून कॉलेजला गेलेली पहिलीच. भूत-बाधा मी कधी मानली नाही... आजही मानत नाही. पण जे ऐकलं, ते ऐकलं.

आम्ही मूळचे वाशीमकडचे, राहतो पुण्यात, विश्रांतवाडीत. कंपनीच्या लोकांची ने-आण करायला बाबांनी जुनी गाडी घेतली. तिच्या स्पीकरमधून बारीक कण्हल्यासारखा आवाज यायचा. वेग वाढला की चढायचा, कमी झाला की उतरायचा. आत्या एकदाच बसली आणि अर्ध्या रस्त्यात उतरली.

"बाई रडते या गाडीत. विकून टाक."

शेजारच्या काकांनीही पार्किंगमध्ये विचारलं, "अहो, गाडी रडते म्हणे तुमची? पेट्रोलचा भाव सांगितलात की काय तिला?"

बाबा हसले, पण प्रवासीही कुरकुर करू लागले होते. शेवटी रविवारी संध्याकाळी गिऱ्हाईक यायचं ठरलं. आमचं घर त्या गाडीवर चालतं.

"बाई नाही, अल्टरनेटर आहे तो," मी म्हणाले. "इंजिनबरोबर फिरतो, वीज बनवतो. अर्थिंग कच्चं असलं की त्याची गुणगुण स्पीकरमध्ये शिरते. संध्याकाळपर्यंत वेळ द्या. आवाज गेला नाही तर खुशाल विका."

"दोन बुकं शिकली, अन् आता आमाले शिकवते," आत्या म्हणाली.

रविवारी दुपारी सीट काढली. खालच्या अ‍ॅम्प्लिफायरची अर्थची वायर कोणीतरी चक्क रंगावरच कसली होती. मी रंग खरवडला, पत्रा उघडा केला, बोल्ट आवळला. ऑडिओची वायर बॅटरीच्या वायरपासून लांब, दुसऱ्या बाजूने नेली. बाबांनी इंजिन रेस केलं... आवाज नाही! मी पार्किंगमध्ये नाचले.

मग जोडांना टेप लावायची म्हणून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. चावी बाबांच्या खिशात. माझा मोबाईल वर, घरात.

आणि मागच्या डाव्या स्पीकरमधून तोच आवाज सुरू झाला.

अ‍ॅम्प्लिफायरमध्ये क्षणभर चार्ज उरतो, हे मलाही माहीत आहे. पण उरलेला चार्ज गिअर बदलत नाही. हा आवाज चढत होता, तुटत होता, पुन्हा चढत होता — पहिला, दुसरा, तिसरा. कोणीतरी गाडी चालवत होतं. मी स्पीकरच्या दोन्ही वायरी उपटल्या. तरी चालूच!

मग गिअर उतरू लागले. प्रत्येक वेळी मध्येच एक छोटी उसळी. बाबा चहाचा कप टपावर ठेवून पुढे आले.

माझे मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, ट्रक चालवायचे. गिअर उतरवताना क्लच दोनदा दाबायचा आणि मध्ये अ‍ॅक्सिलरेटरला हलकी टिचकी द्यायची, ही त्यांची जुनी सवय. छोट्या गाडीतही सुटली नाही. लहानपणी त्यांच्या शेजारी बसून मी तो आवाज तोंडाने काढायचे. बाबांना गाडी त्यांनीच शिकवली. मी बारावीत असताना ते गेले. त्यांनी पुणं पाहिलं नव्हतं, आणि ही गाडी तर नंतरची.

आवाज हळू झाला. गाडी नीट लावून कोणी बंद करावी, तसा थांबला.

"भाऊ..." एवढंच म्हणाले बाबा.

संध्याकाळी गिऱ्हाईक आलं. बाबा म्हणाले, "नाही विकायची." आत्याने माझ्याकडे पाहिलं. "आवाज गेला," मी म्हणाले. खोटं नव्हतं.

तेव्हापासून काही ऐकू आलेलं नाही. कॉलेजमध्ये सरांना विचारलं, मित्रांना विचारलं. वायर सुटलेला स्पीकर कसा वाजतो, हे कोणाला सांगता आलं नाही. मलाही नाही. तुम्हाला माहीत असेल तर सर्किट काढून दाखवा. शांती करा, नारळ उतरवा, असलं मात्र कृपा करून सुचवू नका. तो स्पीकर मी पुन्हा जोडला आहे, आणि तो तसाच राहील.

बाबा हल्ली सिग्नलला गिअर उतरवताना क्लच दोनदा दाबतात. गरज नसते, मी सांगितलंसुद्धा.

"काऊन?" ते म्हणतात. "तुले काही त्रास?"