आईने सोडलेली माझी नोकरी

माझी नोकरी मी सोडली नाही. ती माझ्या आईने सोडली, स्वयंपाकघरात उभं राहून, फोनवर. मला तीन महिने त्याचा पत्ताही नव्हता.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी बेंगळुरूहून बेळगावजवळच्या आमच्या गावी गेले होते. बेंगळुरूच्या बेळ्ळंदूर भागातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी नऊ वर्षं टेस्टिंगचं काम करत होते. दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधायच्या आणि त्यांना न दुखावता कळवायच्या, असं ते काम. मला ते मनापासून आवडायचं, पण आमच्या घरात हे कुणाला खरं वाटत नसे. सहा महिन्यांची भरपगारी रजा कायद्यानेच मिळते. ती घेतली आणि आईच्या ताब्यात गेले. तिच्या राज्यात बाळंतिणीने फोन बघायचा नाही, डोळे जातात. फोन स्वयंपाकघरात, डब्यांच्या फळीवर.

एका सकाळी मी तेल लावून अंघोळीला बसले होते, तेव्हा तो वाजला. मी बाहेर आल्यावर आई म्हणाली, "तुझ्या हापिसातली पोरगी होती. धारवाडची हाय म्हणे. काय गोड कन्नड बोलत होती!"

"काय म्हणाली?"

"काय म्हणणार? बाळ कसं हाय विचारलं."

मी पुढे काही विचारलं नाही. चुका शोधण्याचा पगार घेणारी घरात मी एकटीच होते, आणि ही मला दिसली नाही.

रजा संपायला पंधरा दिवस राहिले तेव्हा बाळाला घेऊन बेंगळुरूला परतले. लॅपटॉप उघडला तर पासवर्ड चालेना. मग माझ्या घरच्या मेलवर, जाहिरातींच्या ढिगात, कंपनीचं पत्र सापडलं. टीमची फेररचना झाली आहे, तुमचं पद आता राहिलेलं नाही आणि तुमचा परतण्याचा विचार नसल्याचं कुटुंबीयांनी कळवलंच आहे, तेव्हा रजेचा शेवटचा दिवस हाच नोकरीचा शेवटचा दिवस समजावा. खाली पुढच्या वाटचालीसाठी शुभेच्छा.

मी धारवाडच्या मुलीला फोन लावला. तिने त्या सकाळच्या फोनची नोंद वाचून दाखवली. मॅडम कामावर येणार ना, असं तिने विचारलं होतं आणि आई म्हणाली होती, "एल्ली आफीस? ईग मगुने आफीस." कुठलं हापिस? आता मूल हेच हापिस.

मला हसू आलं, ते रागाचं होतं. आमच्याकडे चांगली गोष्ट कुणी सरळ सांगत नाही. बाळ गुटगुटीत असलं तरी "कुठलं, वाळकं हाय" म्हणायचं. मुलगी मोठ्या हुद्द्यावर असली तर "हाय आपलं कायतरी" म्हणायचं. नाहीतर दृष्ट लागते. धारवाडच्या मुलीला हे घरातूनच ठाऊक असणार. पण तेव्हा ती एचआरच्या खुर्चीत बसून नोंद लिहीत होती.

मला ती नोकरी परत हवी होती. तीच, दुसरी नाही. नवरा म्हणाला, बाळ थोडं मोठं झालं की दुसरी मिळेल. मिळाली असती कदाचित. पण पुसून टाकलेल्या जागेवरून उठून दुसरीकडे हात पसरायला मी तयार नव्हते. मी कामगार खात्याकडे तक्रार केली. सुनावणीला आईला गावाहून बोलावून घेतलं आणि पढवलं: दृष्ट लागू नये म्हणून तसं बोलले, एवढंच सांगायचं.

"सरी, बरं," ती म्हणाली.

सुनावणी घेणारे अधिकारी निवृत्तीला आलेले होते. खोलीत मी, मांडीवर बाळ, शेजारी आई. समोर कंपनीची मॅनेजर बाई आणि वकील. वकील म्हणाले, आम्ही काढलं नाही, यांनीच नको सांगितलं. अधिकाऱ्यांनी पत्र दोनदा वाचलं. बाळंतपणाच्या रजेत बाईला काढता येत नाही, रजेत मुदत संपेल अशी नोटीसही देता येत नाही, हे त्यांनी फार सावकाश, शाळेत सांगावं तसं सांगितलं. मग ते आईकडे वळले आणि कन्नडमध्ये म्हणाले, "अम्मा, तुम्ही असं बोललात?"

"बोललो."

"उगाच, बोलायची पद्धत म्हणून?"

मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"नाही साहेब," ती म्हणाली. "मनातच होतं. दिवसभर पोरगं हिच्याकडं बघतंय आणि हिचा जीव फळीवरच्या फोनात. म्हटलं, जातीया तर जाऊ दे नोकरी."

वकिलांनी घाईघाईने लिहून घेतलं. अधिकाऱ्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ती नोकरी तुमची होती का, अम्मा?"

"नाही."

"मग तुम्ही कशी सोडलीत?"

अधिकाऱ्यांनी मॅनेजर बाईंना विचारलं, यांच्या सहीचा राजीनामा आहे? नव्हता. माझंच काम वेगळ्या नावाने दुसऱ्याला दिल्याचं कागदावरच होतं. अर्ध्या तासात कंपनीने मला त्याच पदावर परत घ्यायचं लिहून दिलं, सोमवारपासून.

बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, "मी काय सांगायला सांगितलं होतं तुला?"

"साहेबानं विचारलं. खोटं सांगू?"

मला तिचा इतका राग आला होता की रिक्षा थांबवायलाही हात वर होईना. परक्यांनी माझ्या जागेवर फुली मारली, ते समजत होतं. त्यांच्याशी भांडायला कायदा होता. आईने मनापासून तेच हवं म्हटलं होतं आणि त्याची तक्रार घेणारी खिडकी कुठे नव्हती.

सोमवार चार दिवसांवर होता. कंपनीच्या पाळणाघरात वर्षाखालचं मूल घेत नाहीत. नवरा सकाळी सातला इलेक्ट्रॉनिक सिटीकडे निघतो, सासूबाई गुडघ्यांमुळे पुण्याहून हलत नाहीत. मी मनात सगळ्यांची उजळणी केली. तीही करत असावी.

"मी ऱ्हातो की," आई म्हणाली. "तू जा."

बाळ रडायला लागलं. मी दोनदा खांदा बदलला, पण ते थांबेना. तिने हात पुढे केले. मी क्षणभर तशीच उभी राहिले, मग बाळ तिच्याकडे दिलं, आणि ते लगेच गप्प झालं.